वैजनाथ, वैजिनाथ की वैद्यनाथ? एका नावाची सगळी भानगड

बीड, लातूर, परभणी, नांदेड या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जा आणि पारावर उभं राहून जरा मोठ्यानं "ओ वैजनाथराव" म्हणून हाक मारा, दोन तरी माणसं मान वळवून बघतील. मराठा घरात, वंजारी घरात, लिंगायत घरात, ब्राह्मणाच्या घरात, सगळीकडं हे नाव सापडतं, फक्त पुढं लागणारं शेपूट बदलतं, कुणी वैजनाथराव, कुणी वैजनाथअप्पा, कुणी वैजनाथतात्या, आणि लहानपणीच्या दोस्तांना तर तो मरेपर्यंत वैज्याच असतो. पण याच नावाबद्दल हमखास गोंधळ होतो. मूळ नाव काय, वैजनाथ की वैद्यनाथ? विजयशी त्याचं काही नातं आहे का? मग ते वैजिनाथ कुठून आलं? आणि कागदावर नेमकं कोणतं लिहायचं? तर एकेक करून बघू.

आधी मूळ. संस्कृतात नाव आहे वैद्यनाथ. वैद्य आणि नाथ या दोन शब्दांचा समास. शाळेत तत्पुरुष, कर्मधारय वगैरे घोकलेलं आठवत असेल तर इथं दोन्ही लागू पडतात. "वैद्यांचा नाथ" असं सोडवलं तर षष्ठी तत्पुरुष, म्हणजे सगळ्या वैद्यांचा जो धनी. "वैद्य हाच नाथ" असं सोडवलं तर कर्मधारय, म्हणजे जो स्वतःच वैद्य आहे तो देव. भाविक माणसाला दुसरा अर्थ जास्त जवळचा, कारण दवाखान्यात पैसे संपले की माणूस वैद्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाकडं जात नाही, थेट डॉक्टरकडंच जातो.

आता यातला वैद्य हा शब्द बघा. आपण वैद्य म्हणजे काढे देणारा माणूस इतकंच धरून चालतो, पण शब्दात औषधाचा, पाल्याचा, मुळीचा कशाचाच पत्ता नाही. वैद्य तयार झालाय विद्या या शब्दापासून. संस्कृत व्याकरण लिहिणाऱ्या पाणिनीचा नियम आहे, "तदधीते तद्वेद", म्हणजे अमुक एक गोष्ट जो शिकतो किंवा जाणतो त्याच्यासाठी त्या गोष्टीच्या नावालाच प्रत्यय लावून शब्द करायचा. असा प्रत्यय लागला की पहिला स्वर फुगतो, इ चा ऐ होतो. शिवचा शैव, विष्णूचा वैष्णव, विदेहची वैदेही, तसाच विद्याचा वैद्य. म्हणजे मुळात "विद्या असलेला". वेद, विद्वान, विद्या हे सगळे त्याच विद् धातूचे, आणि गंमत म्हणजे वेदना पण तिथलीच, कारण विद् म्हणजे जाणणं, आणि वेदना म्हणजे जी जाणवते ती. दुखणं आणि दुखणं बरं करणारा दोघंही एकाच धातूचे निघाले.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात यावर एक फार भारी वचन आहे. तिथं म्हटलंय की विद्या पुरी झाली की भिषजाचा, म्हणजे औषधोपचार करणाऱ्याचा, दुसरा जन्म होतो आणि त्यानंतरच त्याला वैद्य हा शब्द मिळतो, आधीच्या जन्मानं कुणी वैद्य होत नाही. म्हणजे बाप वैद्य होता म्हणून पोरगा वैद्य असं चालणार नाही, शिकून ये मग म्हण. आज आडनाव वैद्य असतं आणि माणूस बँकेत कॅशियर असतो त्याला कोण काय करणार, पण शब्द बनवणाऱ्यांच्या डोक्यात हिशोब साफ होता.

नाथ तर आपल्या रोजच्या वापरातला. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, नाथ् या धातूचे अर्थ दिलेत त्यात याचना पण आहे, ऐश्वर्य पण आहे आणि आशीर्वाद पण. त्यामुळं नाथ म्हणजे नुसता मालक हा अर्थ मला अपुरा वाटतो. अनाथ म्हणजे मालक नसलेला असं आपण कधी म्हणतो का? अनाथ म्हणजे ज्याला आधार नाही, ज्याला हट्टानं काही मागायला कुणी नाही. तसं बघितलं तर नाथ म्हणजे ज्याच्यापुढं हात पसरता येतो तो. पैठणचे एकनाथ, औंढ्याचा नागनाथ, परळीचा वैजनाथ, मराठवाड्यात हा शब्द उगाच पसरलेला नाही, त्यात नाथपंथाचा पण मोठा वाटा, गहिनीनाथ, मच्छिंद्रनाथ ही नावं बीडकडं अजूनही पोरांना ठेवतात.

मग शंकरालाच वैद्य का म्हणायचं? देवांचे वैद्य म्हणून अश्विनीकुमार आहेत, धन्वंतरी आहे, आणि हा तर स्मशानात राहणारा, साप गुंडाळणारा, विष पिणारा. पण ही ओळख फार जुनी आहे, पुराणांच्याही आधीची. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातल्या 33व्या सूक्तात रुद्राला उद्देशून म्हटलंय "भिषक्तमं त्वा भिषजां शृणोमि", सगळ्या वैद्यांत तू मोठा वैद्य आहेस असं मी ऐकतो. आणि वैद्यांचा नाथ म्हणजे तरी दुसरं काय, जवळपास तेच. त्याच सूक्तात तुझा राग आमच्यावर नको, आमच्या लेकराबाळांवर दया कर अशी विनवणी पण आहे. म्हणजे रोग पाठवणारा पण तोच आणि उतरवणारा पण तोच. आपल्याकडं गोवराच्या, देवीच्या साथीत लोक ज्या देवीला घाबरायचे तिचीच पूजा करायचे, तोच हा विचार.

श्रावणात सोमवारी परळीला अभिषेकाला बसलात तर गुरुजी रुद्र म्हणतात त्यात कान देऊन ऐका, सुरुवातीच्या भागातच येतं "अध्यवोचदधिवक्ता प्रथमो दैव्यो भिषक्". पहिला दैवी वैद्य. आपण त्या वेळी दुधाची पिशवी फोडण्यात आणि मागच्या गर्दीचा धक्का चुकवण्यात गुंतलेलो असतो, आणि देवाच्या नावाचा अर्थ गुरुजी आपल्या कानाशीच सांगत असतात. आणि फक्त शंकरालाच वैद्य म्हणतात असंही नाही बरं का, विष्णुसहस्रनामात "वेद्यो वैद्यः सदायोगी" आहे, पुढं "भेषजं भिषक्" पण आहे, म्हणजे औषध पण तोच आणि वैद्य पण तोच. हरी आणि हर दोघांनाही ही पदवी आहे, फक्त नाथ लावून ती शंकराला चिकटली.

पुराणकथा दोन जास्त चालतात. एक समुद्रमंथनाची: अमृत आणि धन्वंतरी दोघांनाही शिवलिंगात लपवलं, दैत्य लिंगाला हात लावायला गेले तर ज्वाळा निघाल्या, भक्तांनी हात लावला तर अमृतधारा. म्हणून परळीला कुणीही लिंगाला हात लावून दर्शन घ्यावं असं सांगतात. दुसरी रावणाची: त्यानं तप करताना एकेक डोकं कापून वाहिलं आणि शंकरानं प्रसन्न होऊन वैद्यासारखी ती सगळी परत जोडून दिली. ही जास्त झारखंडच्या देवघरला सांगतात.

आणि इथं तो जुना वाद येतो, खरं ज्योतिर्लिंग परळीचं की देवघरचं. वादाचं मूळ श्लोकातच आहे. "सौराष्ट्रे सोमनाथं च" हे स्तोत्र आपण म्हणतो त्यात "परल्यां वैद्यनाथं च" असं स्पष्ट आहे. शिवपुराणातल्या पाठात "वैद्यनाथं चिताभूमौ" येतं आणि चिताभूमी म्हणजे देवघर असं तिकडचे लोक सांगतात. शिवाय शंकराचार्यांच्या नावावरच्या दुसऱ्या एका स्तोत्रात "पूर्वोत्तरे प्रज्वलिकानिधाने" आहे, म्हणजे ईशान्येकडं. त्यामुळं दोन्ही बाजूंच्या हातात श्लोक आहे आणि दोन्ही बाजू आपापला श्लोक म्हणतात. परळीकराला विचारून उपयोग नाही, देवघरवाल्याला विचारूनही नाही. माझं तर मत आहे की नाव समजून घ्यायला हा वाद सोडवायची गरजच नाही, उलट एकच नाव इतक्या लांब लांब पसरलंय हीच बघण्यासारखी गोष्ट आहे.

कारण यादी इथं संपत नाही. हिमाचलात कांगडा जिल्ह्यात बैजनाथ आहे, तिथलं देऊळ 1204 सालचं. तमिळनाडूत मयिलाडुदुरैजवळ वैत्तीश्वरन कोविल आहे, वैत्तीश्वरन म्हणजे वैद्य-ईश्वर, तिथं पण लोक आजार बरा व्हावा म्हणूनच जातात. तमिळ आणि केरळच्या पालक्काड भागात माणसांची नावं वैद्यनाथन, शेवटचा तो न् तमिळचा, पुरुषाच्या नावाला लागणारा. कर्नाटक संगीतात महा वैद्यनाथ अय्यर (1844-1893) आणि चेंबै वैद्यनाथ भागवतर (1896-1974) ही दोन मोठी नावं. हिंदी पट्ट्यात व चा ब होतो, आपला वीस तिकडं बीस, आपली वाट तिकडं बाट, तसा वैजनाथचा बैजनाथ आणि लाडानं बैजू. बंगालीत तर व आणि ब वेगळा उच्चारतच नाहीत, म्हणून आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर बैद्यनाथ दिसतं.

आता येऊ मुद्द्यावर, वैद्यचं वैज कसं झालं. लोकांना वाटतं खेड्यातल्या अडाणी माणसाला वैद्य म्हणता येईना म्हणून त्यानं वैज केलं. साफ चूक. हा मराठीचा हजार दीड हजार वर्षांचा नियम आहे आणि तो न चुकता चालतो. संस्कृतातला द्य प्राकृतात ज्ज होतो आणि मराठीत येताना त्याचा ज उरतो. अद्य, त्याचं प्राकृतात अज्ज, आपलं आज. विद्युत्, विज्जु, वीज. खाद्य, खज्ज, आणि आपलं रुखवतात ठेवतात ते खाजं. वाद्याचा बाजा-वाजा, द्यूताचा जुवा. उत्पद्यते पासून उपजणे, म्हणजे उपजत गुण म्हणतो त्यातला. तुम्ही दिवसभरात आज म्हणता, वीज गेली म्हणता (आपल्याकडं तर फारच वेळा म्हणता), लग्नात बँड वाजतो म्हणता, तेव्हा तुम्ही तोच नियम वापरता ज्यानं वैद्यनाथचा वैजनाथ केला. मग आज म्हणणारा अडाणी नाही तर वैजनाथ म्हणणारा कसा काय अडाणी?

ध्य चं पण असंच, त्याचा झ किंवा ज होतो, संध्याची सांज, वंध्याची वांझ, मध्यातलं ते माजघर. त्य चा च, सत्यचं साच, नृत्यचा नाच. य चा ज, आणि याचं उदाहरण तर परळीपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, अंबाजोगाई. देवीचं नाव योगेश्वरी, लोकांच्या तोंडी ती झाली जोगाई, गावाचं नाव पण तेच पडलं. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं पण मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि ती कुमारिकाच राहिली अशी दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. मला त्यात हे आवडतं की नवरा नवरी दोघांचीही नावं एकाच पद्धतीनं मराठी झालीत, वैद्यनाथाचा वैजनाथ, योगेश्वरीची जोगाई. आणि हे घडलं कुठं, तर ज्या मुलखात सातवाहनांची राजधानी पैठण होती आणि महाराष्ट्री प्राकृत जिथं नांदली तिथं. आपण या नियमाच्या घरचीच माणसं.

तरी पण एक मजा बघा. परळीत उतरलात तर रेल्वे स्टेशनच्या पाटीवर परळी वैजनाथ. गावात शिरलात की कॉलेजवर वैद्यनाथ, बँकेवर वैद्यनाथ. बोर्ड रंगवायची, ट्रस्ट रजिस्टर करायची वेळ आली की आपल्याला संस्कृत आठवतं, आणि पोराला हाक मारायची वेळ आली की प्राकृत. दोन्ही नावं बरोबर आहेत, एक पूजेचं आणि पाटीचं, एक तोंडातलं.

देव कोणता आणि माणूस कोणता हे पण भाषा बरोबर ओळखते. "वैजनाथाला अभिषेक केला" म्हटलं की देव, "वैजनाथला फोन लाव" म्हटलं की माणूस. देवाच्या नावाला मधला आ लागतो, जिवंत माणसाच्या नावाला सहसा लागत नाही. आणि देवाला एकवचन, "वैजनाथ पावला", पण गावच्या माजी सरपंचाला "वैजनाथराव आले". ज्याच्या पाया पडायचं त्याला अरेतुरे आणि ज्याच्याकडून उतारा काढून घ्यायचा त्याला अहोजाहो, मराठीत असंच चालतं.

वैजिनाथ हे मात्र पूर्ण आपल्याकडचं. वैजनाथ बोलताना ज आणि ना च्या मध्ये जीभ अडते, मग तिथं एक बारीकसा इ घुसतो. बोलताना घुसलेला तो इ जुन्या मास्तरांनी जसा ऐकला तसा रजिस्टरवर चढवला आणि मग तो टीसीवर गेला, आणि टीसीवर गेलेलं काहीही पुढं पन्नास वर्षं पिच्छा सोडत नाही.

विजयचं काय? काही नाही. वैजयंती, वैजयंता ही नावं जि म्हणजे जिंकणे या धातूची, विजयच्या घरची. आपल्याकडच्या आज्यांमध्ये वैजंताबाई खूप, आणि घरात वैजनाथ आणि वैजंता अशी बहीणभावाची जोडी पण दिसते, ऐकायला एका नावाची वाटतात, पण त्याच्या ज मध्ये द्य लपलाय आणि तिचा ज मुळातलाच. वैजनाथचं बाईमाणसाचं रूप असं वेगळं नाही. मुलीला याच अर्थाचं नाव हवं असेल तर सरळ भेषजा किंवा औषधी असलं काही ठेवू नका हो, शाळेत पोरं जगू देणार नाहीत. जोगेश्वरी ठेवा, नाहीतर विद्या ठेवा, विद्या तर वैद्यची आईच आहे.

नाव ठेवण्याचं कारण बहुतेक वेळा नवस असतं. लेकरू जगत नाही, किंवा जन्मतःच आजारी, मग "परळीच्या वैजनाथा, पोरगं वाचू दे, तुझं नाव ठेवीन". बरं करणारा देव म्हटल्यावर त्याच्याकडं असलाच नवस जाणार. आता पत्रिका बघून अक्षर काढणारे विचारतात की वै कोणत्या नक्षत्राला येतं. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रावरून नावाचं अक्षर काढायच्या तक्त्यात, ऐ वेगळा धरत नाहीत, तो ए मध्ये मोजतात, म्हणून वै म्हणजे वे, आणि वे आहे मृगाचं पहिलं चरण, रास वृषभ. पण नवसाचं नाव ठेवताना कुणी अक्षर बघत नाही, अक्षरावरचं नाव पाळण्यातलं म्हणून वेगळंच राहतं.

पंडितांच्या जगात पण या नावानं चांगला जम बसवलाय. अठराव्या शतकात काशीला नागेशभट्ट म्हणून मराठी वैयाकरण होते, आडनाव काळे, व्याकरणात त्यांचा शब्द शेवटचा मानायचे. त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे, त्यांनी गुरूच्या उद्द्योत या ग्रंथावर छाया नावाची टीका लिहिली. गुरू नागेश, शिष्य वैद्यनाथ, म्हणजे औंढा आणि परळी काशीत बसून पाणिनी सोडवत होते म्हणा ना. आपल्या मराठवाड्यातल्या तीन ज्योतिर्लिंगांपैकी या दोघांची नावं माणसांनी उचलली, तिसऱ्याचं म्हणजे वेरूळच्या घृष्णेश्वराचं मात्र पोराला ठेवलेलं क्वचितच ऐकायला मिळतं. कारण सोपं आहे, घृष्णेश्वर म्हणून दारातून हाक मारून बघा एकदा.

राहिला कागदाचा विषय, आणि खरी डोकेदुखी तिथंच आहे. समजा एक शेतकरी आहे. टीसीवर वैजिनाथ, आधारवर वैजनाथ, सातबारावर तलाठ्यानं शुद्ध करून लिहिलेलं वैद्यनाथ, बँक पासबुकावर इंग्रजीत आणखी चौथंच, कुणी J नंतर A घालतो, कुणी I घालतो, कुणी काहीच घालत नाही. माणूस एक, देव एक, पण पीकविमा अडकला, अनुदान अडकलं. त्यात आपली पद्धत बापाचं नाव मधे लावायची, म्हणजे बापाच्या नावातला घोळ पोरांच्या मार्कशीटवर पण उतरतो, बाप म्हणतो माझं काय आता संपत आलं, पण पोरगी मेडिकलच्या NEET परीक्षेच्या काउन्सेलिंगला उभी असते आणि तिचं नाव जुळत नाही.

अशा वेळी सेतूवाला किंवा ऑफिसातला कुणी "मूळ शुद्ध नाव वैद्यनाथ आहे, तेच करून टाकू सगळीकडं" म्हणाला तर ऐकू नका. शुद्ध अशुद्ध हा इथं प्रश्नच नाही, तीनही रूपं भाषेच्या हिशोबानं रास्त आहेत, प्रश्न फक्त जुळण्याचा आहे. शाळेच्या रेकॉर्डवर जे आहे ते धरून बाकीचं त्याच्याशी जुळवणं सहसा सोपं जातं, कारण शाळेचं रेकॉर्ड बदलणं सगळ्यात अवघड. आणि खरंच नाव बदलायचं असेल तर गॅझेट करून घ्यायचं आणि त्याची प्रत जोडून आधार, पॅन, बँक एकेक करत जायचं. नव्या लेकराला हे नाव ठेवणार असाल तर जन्मदाखल्याच्या अर्जावरच देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग ठरवून लिहा, इंग्रजीत J नंतर A किंवा I काही घालायचं की नाही ते त्याच दिवशी घरात ठरवा, आणि आधार काढताना ऑपरेटर टाइप करतो तेव्हा त्याच्या स्क्रीनकडं बघत उभे राहा.